'रिमेंबर'चा शेवट ओढूनताणून आणलाय का?

तुम्ही विचारलंय, की डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) ताजं विसरतं आणि जुनं टिकतं, मग 'रिमेंबर' (२०१५) या सिनेमातला नव्वदीचा झेव्ह नेमकं तरुणपणचंच कसं विसरला? निव्वळ धक्का द्यायचा म्हणून तो शेवट चिकटवलाय का?

शेवट फोडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. थोडक्यात गोष्ट अशी: वृद्धाश्रमातला मित्र मॅक्स याने लिहून दिलेल्या पत्राप्रमाणे झेव्ह, आउशवित्झ या नाझी छावणीत दोघांच्या घरच्यांना मारणाऱ्या आणि आता 'रूडी कुरलँडर' या नावाने राहणाऱ्या नाझीला मारायला निघतो. शेवटी कळतं, की झेव्ह कैदी नव्हताच, तोही तिथला नाझीच होता.

मी डॉक्टर नाही. वडिलांना हा आजार आहे, सहा वर्षं झाली, आणि ते माझ्याकडेच असतात. त्यामुळे हा सिनेमा मी दोन बैठकांत पाहिला, एका बैठकीत झेपला नाही. झेव्ह झोपेतून उठून मेलेल्या बायकोला 'रूथ' म्हणून हाक मारतो आणि ती गेल्याचं त्याला दर वेळी नव्याने कळतं. तिथे मी टीव्ही बंद केला होता. आमच्याकडे आई गेल्यावर पहिले काही महिने असंच चाललं होतं. मग आम्ही 'भाजी आणायला गेलीये' असं सांगायला लागलो.

तुमचा आक्षेप वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. बाबांना सकाळचा चहा झालाय की नाही ते सांगता येत नाही, पण शाळेतल्या मास्तरांची नावं घडाघडा येतात. तरी झेव्ह आउशवित्झ विसरलेला नाही, हे लक्षात घ्या. त्याला छावणी आठवते, हातावरचा नंबर आठवतो. विसरलाय तो एवढंच, की तो कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभा होता.

आणि हे मला पटतं. कारण पानशेत.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा माझे काका शिक्षणासाठी शनिवार पेठेत राहत होते. पाणी चढायला लागल्यावर ते शेजारच्या वाड्याच्या माळ्यावर कसे गेले, कुणाच्या तरी म्हातारीला पाठीवर कसं घेतलं, ही आमच्या घरातली पेटंट गोष्ट. बाबा त्या दिवशी कराडला होते. पण काका अबोल आणि बाबा गप्पिष्ट, म्हणून गोष्ट कायम बाबाच सांगायचे. सुरुवातीला 'दादा वर चढला' असं असायचं. माझ्या लहानपणी ते 'आम्ही वर चढलो' झालं. मी कॉलेजात जाईपर्यंत म्हातारी बाबांच्या पाठीवर आली होती. काका एकदा हसून म्हणालेही होते, 'अरे, तू कराडला होतास ना!' तेव्हा बाबा ओशाळले होते. आज त्यांना कराड आठवत नाही. पाण्याचा वास आठवतो, म्हातारीच्या लुगड्याचा रंग आठवतो. आजार सुरू झाल्यापासून ही आठवण पुसट व्हायच्या ऐवजी पक्कीच झालीये, कारण तिला खोडणारी दुसरी आठवण आधी गेली.

बाबांनी हे हौसेपोटी केलं, झेव्हने जीव वाचवायला. पण सत्तर वर्षं रोज, बायकोला, मुलाला, शेजाऱ्यांना 'मी तिथला कैदी होतो' असं सांगत आलेल्या माणसाकडे जुनी आठवण म्हणून काय उरेल? सांगितलेलीच. म्हणून शेवट मला ओढूनताणून आणलेला वाटत नाही. ओढूनताणून आहे ते वेगळंच. त्या नावाच्या चौघांपैकी बरोबर शेवटचाच खरा निघतो, आणि इतका गोंधळलेला माणूस एकट्याने अमेरिका-कॅनडा फिरून येतो, वाटेत पिस्तूलही विकत घेतो! आमचे बाबा संध्याकाळ झाली की रिकामी पिशवी घेऊन 'ऑफिसला' निघतात आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी अडकतात. ते असोत.

मॅक्सचं पत्र मात्र शंभर टक्के खरं आहे. आमच्या दारावर आतून चिठ्ठी असते: 'बाबा, दार उघडू नका, मी पाच वाजता येते.' तोंडी सांगितलेलं ते ऐकत नाहीत, वाद घालतात. लिहिलेलं मात्र निमूट मानतात. स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडालेला माणूस कागदावर विसंबतो, आणि कागद कुणी लिहिला, का लिहिला, हे विचारायची ताकद त्याच्यात नसते. उद्या मी तिथे काहीही लिहिलं तरी बाबा ते करतील, या विचाराने मला सिनेमातल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त घाबरवलं. चाकाच्या खुर्चीतल्या, नळीने प्राणवायू घेणाऱ्या मॅक्सला धड उठता येत नाही, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. झेव्हचं नेमकं उलट. मॅक्सने एकाची शाबूत स्मृती दुसऱ्याच्या चालत्या पायांना जोडली आणि आपल्या घरच्यांना मारणारे दोघेही एकमेकांच्या समोर आणून उभे केले. हा सूड मॅक्सचा आहे, झेव्ह त्याचं हत्यार. म्हणून 'एवढ्या म्हाताऱ्याला सूड घेता येईल का' हा प्रश्न मला तितकासा सतावत नाही.

'इतक्या वर्षांनी हे कशाला' असंही काहींना वाटतं. पण हे हवेतलं नाही. सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला त्याच्या दोनच महिने आधी, जुलै २०१५ मध्ये, आउशवित्झमध्ये हिशेबनीस असलेल्या ऑस्कर ग्रोनिंगला जर्मनीत ९४ व्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली होती. झेव्ह पहिल्यांदा जातो त्या क्लीव्हलंडच्याच परिसरात जॉन डेमयान्युक हा मोटार कारखान्यातला कामगार कितीतरी वर्षं सुखाने राहत होता. त्याला आधी इस्राएलमध्ये 'इव्हान द टेरिबल' (ट्रेब्लिंका छावणीतला कुख्यात क्रूर पहारेकरी) समजून फाशी सुनावली गेली, १९९३ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०११ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने सोबिबोर छावणीतला पहारेकरी म्हणून दोषी ठरवलं. अपील चालू असतानाच तो वारला. तोच माणूस, पण ओळख आधी चुकीची आणि मग वेगळीच. चार कुरलँडरांची कल्पना यापुढे फार अचाट वाटत नाही. सिनेमाचा दिग्दर्शक ॲटम इगॉयन स्वतः आर्मेनियन वंशाचा, आणि आर्मेनियन नरसंहाराच्या आठवणीवर त्याने २००२ मध्ये 'अरारात' केला होता. कोण विसरतं आणि कोण विसरू देत नाही, हा त्याचा जुनाच विषय.

पुन्हा पाहणार असाल तर झेव्ह शेवटच्या घरात पियानोवर बसतो तो प्रसंग नीट पाहा. तो वाग्नर वाजवतो, हिटलरचा लाडका वाग्नर. नाव गेलं, गाव गेलं, पण बोटांना सवय आहे. हे आजाराला धरूनच आहे. बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पण पत्ते अजून झकास पिसतात. झेव्हचं काम करणारा क्रिस्टोफर प्लमर तरुणपणी पियानोवादक व्हायचं म्हणून शिकला होता, ते इथे कामी आलं असणार. शिवाय नाझींपासून कुटुंब घेऊन पळणारा 'साउंड ऑफ म्युझिक'मधला कॅप्टन म्हणून अख्ख्या जगाला ठाऊक असलेला हा चेहरा. तो निर्दोषच असणार हे आपण पहिल्या मिनिटालाच धरून चालतो. झेव्हइतकेच आपणही फसतो ते यामुळे. हिब्रूत 'झेव्ह' म्हणजे लांडगा, हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

२०२२ चा कोरियन रिमेकही आहे. त्यात नाझींच्या जागी जपानी राजवटीला सामील झालेले देशी लोक आहेत. मारामारी जास्त, हुरहुर कमी. आणि तुमच्याही घरात असा पेशंट असेल तर 'रिमेंबर' राहू द्या, आधी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' बघा. मोहन आगाशे हत्तीच्या मागे चालत जातात तो.

परवा बाबा माझ्या मुलाला पुन्हा पानशेत सांगत होते. या वेळी पाठीवर दोन म्हाताऱ्या होत्या. कराडचं मी काही बोलले नाही.