पोस्टरवर ‘यूए १३+’ आपणच छापलं तर चालेल का?

तुझा मेल नीट वाचला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तू २२ मिनिटांची फिल्म केलीयेस, दारुड्या बापाच्या घरात वाढणाऱ्या मुलीची, त्यात शिव्या आहेत, बाप सिगरेट ओढतो, आईला मारतो आणि मुलगी ते दारातून बघते. आता थिएटर भाड्याने घेऊन तिकीट लावून शो करायचाय आणि आठवी-नववीच्या पोरांनाही बोलवायचंय. मित्र म्हणतात पोस्टरवर आपणच ‘यूए १३+’ टाकू, कोण बघतंय, आणि तुला धास्ती आहे की सेन्सॉर बोर्डाकडे गेलो तर ‘ए’, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं सर्टिफिकेट मिळेल.

ते पोस्टर छापू नका, खरंच. रेटिंग आपल्या हातात नसतं, ते सेन्सॉर बोर्ड देतं, आणि थिएटरात पब्लिकला दाखवायची फिल्म २२ मिनिटांची असो की तीन तासांची, सर्टिफिकेट लागतंच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात विद्यार्थ्यांना वेगळी माफी नाहीये. सर्टिफिकेट नसताना दाखवली तर कलम ७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि त्यात थिएटरवालाही अडकतो ज्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही.

आता ‘ए’ ची भीती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ चे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. हे आकडे आईवडिलांसाठी आहेत, मुलाला दाखवायचं की नाही ते पालक ठरवणार, दारावरचा माणूस त्या आकड्यावरून कुणाला अडवू शकत नाही. ‘ए’ मिळालं तर मात्र १८ च्या खालच्यांना दार बंद. म्हणजे तुझ्यासाठी खरी रेघ १३ आणि १६ मध्ये नाहीये, ती ‘यूए १६+’ आणि ‘ए’ च्या मध्ये आहे. ‘यू’ साठी, म्हणजे सगळ्यांना चालेल अशा सर्टिफिकेटसाठी, फिल्मची चाळण करू नकोस, मला तरी ते पटत नाही, ज्या मुलांच्या घरात हे रोज चालतं त्यांना गुळगुळीत केलेलं काय दाखवणार?

मला काळजी त्या दारातल्या सीनची आहे. बोर्डासाठीच्या १९९१ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलांना हिंसा जबरदस्तीने बघावी लागते अशी दृश्यं विनाकारण दाखवू नयेत. दारूचं उदात्तीकरण नको असंही आहे, पण तुझी फिल्म तर उलटंच सांगते. आणि त्याच गाइडलाइन्स म्हणतात की फिल्म अख्खी बघायची, एकूण परिणाम काय होतो ते बघायचं. तेव्हा तो सीन का आहे, मुलीच्या पुढच्या वागण्याशी त्याचा काय संबंध आहे, हे एका पानावर लिहून तयार ठेव. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या छोट्या डॉक्युमेंटरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७० साली सेन्सॉरशिप वैध धरली, पण हेही म्हटलं की विषय कोणता यापेक्षा तो हाताळलाय कसा हे महत्त्वाचं. ते तुझ्या बाजूचं आहे.

बोर्डाला कट सुचवायचे असतील किंवा ‘ए’ द्यायचं असेल तर आधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं, तेव्हा गप्प बसू नकोस. तरी पटलं नाही तर बोर्डाचीच रिव्हायजिंग कमिटी आहे, ती फिल्म पुन्हा बघते, आणि त्यानंतर थेट हायकोर्ट, कारण मधलं अपिलाचं ट्रिब्युनल २०२१ मध्ये बंद झालं. सिगरेटच्या सीनसाठी खाली इशारा आणि तंबाखूविरोधी स्पॉट लागतात, ते एडिटमध्येच बसवून टाक.

अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन होतो, पण फायनल एडिट लॉक करूनच कर, सर्टिफिकेटनंतर काही बदललंस तर ते बोर्डाला कळवावं लागतं, आणि थिएटरचे पैसे सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय भरू नकोस. फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर वेगळा रस्ता आहे, तिथे आयोजक मंत्रालयाकडून सूट घेतात, फक्त सूट मिळालीये का हे त्यांना लेखी विचार.

मुलीचं काम करणारी १४ च्या आतली असेल तर शूटिंगची जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती घेतली होती का, हे मला कळव. मेलमध्ये तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीयेस.