"टायपिंगच करायचं तर स्टॅट शिकवलं कशाला?"

दादा नमस्कार, पत्र वाचलं. पोरगी सोलापुरातच बीएस्सी स्टॅटच्या (म्हणजे संख्याशास्त्राच्या) शेवटच्या वर्षाला, तिला आरोग्य खात्यात डेटाचं काम करायचंय आणि तुम्ही म्हणताय टायपिंगच करायचं तर एवढं शिकवलं कशाला. रागावू नका पण इथं जरा गडबड होतीय.

तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघता ना, मागावरून निघालेले डझन आणि गोडाऊनला आलेले डझन जुळले नाहीत की रजिस्टर काढून बसता, तिचं काम तेच. समजा करमाळ्याकडच्या एका उपकेंद्रात 40 गरोदर बायकांची नोंद आणि बाळंतपणं 22च. सिस्टरचे हे आकडे दर महिन्याला एचएमआयएस या सरकारी आरोग्य पोर्टलवर चढतात (2008 पासून चालूय हे), टायपिंगवाला 22 टाकून मोकळा होतो, पण डोकं चालवणारा विचारतो बाकीच्या 18 गेल्या कुठं? अहो पहिलं बाळंतपण माहेरी, पोरगी गेली बार्शीला, नोंद पडली तिकडं, काही ऊसतोडीला गेल्या, काहींचे अजून दिवस भरले नाहीत. आणि एखादा रकाना रिकामा असला तर तिथं शून्य समजायचं नाही, "झालं नाही" वेगळं आणि "भरलंच नाही" वेगळं. साथीचंही असंच, आयएचआयपी या साथींवर नजर ठेवणाऱ्या पोर्टलवर आरोग्यसेवकाचा संशयित पेशंटचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी, लॅबचा एल. एसमध्ये तापाचे पेशंट वाढलेत आणि एलमध्ये काहीच नाही, म्हणून डेंगी नाही असं थोडंच, सॅम्पलच गेले नसतील.

आता पगाराचं खरं सांगतो. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) बऱ्याच पोस्ट कंत्राटी, ऑर्डर बहुतेक 11 महिन्यांची, मग परत रिन्यूची वाट बघा. ते झेपणार असेल तरच. माझं मत विचाराल तर लगेच डेटा एंट्रीला चिकटवू नका, मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम बघणारी हीच संस्था, तिथं बायोस्टॅटिस्टिक्स-डेमोग्राफीचं (आरोग्य आणि लोकसंख्येच्या आकड्यांचं) एमएस्सी होतं, त्याची तयारी करू दे. एक्सेलचं पिव्होट टेबल, डेटाबेसमधून माहिती काढायचं एसक्यूएल आणि आकडेमोडीचं आर सॉफ्टवेअर घरी बसून येतं, आर तर फुकट आहे. "हेल्थ डेटा सायंटिस्ट" असला जाड बोर्ड लावून लाखभर मागणाऱ्या क्लासला कृपा करून पैसे देऊ नका.

आणि हो, परीक्षा झाली की तिला जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठवा, मेडिकल ऑफिसरला विचारून सिस्टरजवळ दोन तास बसू दे, पेशंटची नावं वगैरे उतरवायची नाहीत, नुसतं कुठल्या रजिस्टरमधला आकडा कुठल्या रकान्यात जातो ते बघायचं. तिथं कंटाळली तर मला परत लिहा, दुसरं काहीतरी बघू.