ऑनलाइन शाळेच्या काळात मुलीला पोक आलं. तेव्हा ती तिसरीत होती, आता आठवीत आहे. दोष मोबाइलचाच ना? पोश्चर बेल्ट घ्यावा का?

बेल्ट घेऊ नका. घातलेला असेपर्यंत तो खांदे मागे ओढतो, काढला की मूल पुन्हा होतं तसं, कारण पाठीच्या स्नायूंनी काही कामच केलेलं नसतं.

पण ‘दोष मोबाइलचाच’ हे मात्र मान्य नाही. फिजिओथेरपीत २०२० पासून हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. दोष मोबाइलइतकाच डायनिंग टेबलाचाही होता, फक्त ते कुणी मोजलं नाही.

टेप घेऊन बघा. खुर्ची जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, टेबल ७५. तिसरीतल्या मुलाचा पाय गुडघ्यामागच्या खळग्यापासून टाचेपर्यंत जेमतेम ३२. म्हणजे पाय लोंबकळणार. पाठ टेकायला मागे सरकावं तर खुर्चीची कड पोटरीत रुतते. मग मूल पुढे घसरतं, कंबर गोल होते, पोक निघतं. कोपर बैठकीपासून १७-१८ वर, म्हणजे जमिनीपासून ६३. टेबल त्याहून १२ सेंटिमीटर उंच, तेव्हा लिहिताना खांदे कानाला लागणारच.

उपाय घरातच होता. घट्ट दुमडलेल्या गोधडीने बैठक १०-१२ सेंटिमीटर उंच करायची (फोमची उशी दबते, ती नको), पाठीमागे लोड आणि पायाखाली २५ सेंटिमीटरचं स्टूल. लोक बैठक उंच करायचे आणि स्टूल विसरायचे. पाय आणखीच अधांतरी. फोन डब्यांच्या चळतीवर डोळ्यांच्या पातळीला, वही खाली. चार्जरची वायर आखूड म्हणून प्लगशेजारी पलंगावर एका कोपरावर रेलून तास करणारी मुलं तर ढिगाने होती. तिथे एक्स्टेन्शन बोर्ड पुरला असता.

आणि शाळा! जुलै २०२० च्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. कित्येक शाळांनी अख्खं वेळापत्रक स्क्रीनवर चालवलं, वर ‘कॅमेरा चालू, हलायचं नाही’. वर्गात मूल मागे वळतं, पेन्सिल पाडतं, पाणी प्यायला जातं. ते सगळं बंद. दुखतं ते मुख्यतः न हलल्याने. म्हणून ‘ताठ बस’चा घोषाही निरुपयोगी, ताठ बसवलेलं मूलही अर्ध्या तासात अवघडतं. मान वाकवली की २७ किलोंचा भार पडतो, हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र प्रौढांच्या गणिती मॉडेलवरून काढलेलं आहे. त्यावरून मुलीला घाबरवू नका.

आता काय करायचं? तिला पालथं झोपवा आणि हात न टेकता छाती उचलायला सांगा. पोक सरळ झालं तर ते सवयीचं, सुटतं. टॉवेलची गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवून दोन मिनिटं उताणं पडायचं, रोज. व्यायामाचं रबर खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे खेचायची, १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. खांदे वर चढले तर रबर जड आहे, हलकं घ्या. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. अभ्यासात दर अर्ध्या तासाने उठायचं, आणि संध्याकाळी मैदान. क्लास एखादा बुडाला तरी चालेल.

पालथं झोपून छाती उचलतानाही पोक सरळ झालंच नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पाय जुळवून, गुडघे न वाकवता तिला पुढे वाकवा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू वर दिसली तर कणा बाजूला वळत असू शकतो. याचा मोबाइलशी संबंध नाही, या वयात मुलींमध्ये ते जास्त वाढतं, आणि तिथे कधी मापाने बनवलेला कडक ब्रेस लागतोही. रात्री झोपमोड करणारी कळ, ताप, हातापायांत मुंग्या किंवा जोर कमी वाटणं, यातलं काही असेल तर वरचे व्यायाम सुरूच करू नका, आधी दाखवून या.