रीडिंग संध्याकाळीच का हरवतं?

प्रश्न : आमच्या इमारतीतले स्मार्ट मीटर विजेच्या तारांवरूनच रीडिंग पाठवतात. मध्यरात्री सगळं नीट येतं, पण संध्याकाळी सात ते अकरा वरच्या मजल्यांचं रीडिंग गायब! जास्त ताकदीचे मॉडेम बसवा, असा सल्ला मिळालाय. बसवावेत का?

उत्तर : इतक्यात नको. वेळ तुम्ही नेमकी टिपलीत, हे फार चांगलं केलंत. तारा मध्यरात्री त्याच आणि संध्याकाळीही त्याच. बदलतं ते त्यांना जोडलेलं सामान.

अशाच एका तक्रारीत मी आधी दोनदा मॉडेम बदलले. फरक शून्य. मग एका संध्याकाळी ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन मीटररूममध्ये बसलो. पाण्याच्या पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू करणारा विजेवरचा स्विच, खाडकन लागला आणि पडद्यावरची सिग्नलची जाड पट्टी रेघेएवढी बारीक झाली. पंप थांबला, पट्टी पुन्हा जाड. पंपाच्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी फिल्टर होता, त्यात ०.४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. ५० हर्ट्झच्या विजेला तो सुमारे ६,८०० ओहमचा अडथळा, म्हणजे जोडलाच नसल्यासारखा. पण मीटर बोलत होते ७५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथे तोच कपॅसिटर उरतो साडेचार ओहमचा. सिग्नल वर पोचण्याआधी तिथेच जिरत होता.

अशा वेळी व्होल्टेज दुप्पट केलं तरी पदरात पडतात ६ डेसिबल (सिग्नलच्या वाढीचं माप), आणि गळती आहे तिथेच राहते. शिवाय तारा अँटेनासारख्या काम करतात, म्हणून सिग्नलच्या ताकदीला नियमांची मर्यादाही असते.

आम्ही ड्राइव्हच्या आधी प्रत्येक फेजमध्ये १०० मायक्रोहेन्रीची कॉइल घातली. ७५ किलोहर्ट्झला ती ४७ ओहमची भिंत, ५० हर्ट्झला जेमतेम ०.०३ ओहम. पंपाला काही कळलं नाही, रीडिंग मात्र त्याच रात्री आलं. कॉइल पूर्ण लोडचा करंट सोसणारी हवी, नाहीतर तिचा लोहचुंबकी गाभा संपृक्त होऊन (चुंबकत्वाने पुरता भरून) तिचा उपयोगच संपतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कधी दोष गळतीचा नसून नॉइजचा, म्हणजे तारांवरच्या नको असलेल्या खरखरीचा असतो. हलक्या दर्जाचे एलईडी दिवे आणि चार्जर दर अर्ध्या सायकलला, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, टोचे मारतात. तिथे मॉडेमची सेटिंग बदलून बघा. जी-३ पीएलसी या, विजेच्या तारांवरून माहिती पाठवायच्या पद्धतीत 'रोबस्ट' मोड असतो; तो नॉइजमध्येही तग धरतो. वेग घटतो, पण रीडिंगला वेग लागतोच किती?

तेव्हा आज संध्याकाळी सातला एकेक मोठं यंत्र बंद करत जा आणि कुठल्या यंत्रानंतर रीडिंग परत येतं ते लिहून ठेवा. पंपापासून सुरुवात करा.