उठाव बंडातला, बाजारातला आणि चित्रातला

प्रश्न असा आहे की १८५७ चा उठाव, ‘मालाला उठाव नाही’ मधला उठाव आणि ‘गडद बॅकग्राऊंडमुळे रंगाला उठाव आला’ मधला उठाव हे तीन वेगवेगळे शब्द आहेत की एकच, उत्थान यात कुठे बसतं, आणि शेवटी एक छोटी शंका, ‘ऊठ’ लिहायचं की ‘उठ’.

तिन्ही उठाव एकच आहेत. ते ‘उठणे’ वरून आलेत आणि उठणे व उत्थान या दोघांचं मूळही एकच, संस्कृतमधला उद् हा उपसर्ग आणि स्था हा धातू. स्था म्हणजे उभं असणं, एका जागी टिकून असणं. उद् आणि स्थान जोडताना मधला स नाहीसा होतो आणि उत्थान होतं, आणि यासाठी पाणिनीने एक वेगळं सूत्र दिलंय, ‘उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य’, म्हणजे उद् च्या पुढे स्था किंवा स्तम्भ् हे दोनच धातू आले तर काय होतं तेवढंच सांगणारं सूत्र, मला ही बारकाई फार आवडते. पुढे प्राकृतात त्याचं उट्ठ झालं, मराठीत जोडाक्षर सुटलं आणि उठ राहिलं. म्हणजे उठणे हा पिढ्यान् पिढ्या तोंडात झिजत आलेला शब्द आहे आणि उत्थान नंतर संस्कृतमधून जसाच्या तसा घेतलेला.

आता खरी गंमत उद् मध्ये आहे. आपण उद् म्हणजे ‘वर’ एवढंच शिकतो, उड्डाण, उन्नती, उत्कर्ष वगैरे. पण उद् चा दुसरा अर्थ ‘बाहेर’ असा आहे आणि तो तितकाच जुना आहे. उद्गार म्हणजे तोंडातून बाहेर पडलेला शब्द, उच्छ्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास, उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणं, यात वर जाण्याचा काही संबंध नाही. इंग्रजीतला आऊट हा शब्दसुद्धा याच उद् चा लांबचा भाऊ मानला जातो, जसा स्टँड हा स्था चा. त्यामुळे उद् + स्था म्हणजे नुसतं वर येणं नाही, तर जिथे टेकलो होतो ती जागा सोडणं. हे एकदा लक्षात आलं की उठणे चे सगळे अर्थ आपोआप जुळतात.

बघा ना, वादळ उठतं, अफवा उठते, आरोळी उठते, अंगावर पुरळ उठतं, यात काहीतरी सुरू होतंय. आणि पंगत उठली, सभा उठली, बाजार उठला यात तेच क्रियापद वापरून आपण संपलं असं सांगतो. ‘त्याच्यावरचा विश्वास उठला’ म्हटलं की विश्वास वाढला असं कुणालाही वाटत नाही, गेला असंच कळतं. नवीन मराठी शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं की वर जाणं दाखवणारा शब्द संपणं कसं काय दाखवतो, पण जागा सोडणं हा अर्थ धरला तर दोन्हीकडे तेच घडतंय. पंगतीतली माणसं जागा सोडतात म्हणून पंगत संपते, विश्वास मनातली जागा सोडतो म्हणून तो उरत नाही, आणि आरोळी गळ्यातून सुटते म्हणून ती सुरू होते. जिवावर उठणे, मुळावर उठणे, पेटून उठणे यातही शांत बसलेला माणूस जागा सोडून चाल करून येतोय.

आता उठावाकडे. बाजारातला उठाव म्हणजे आलेला माल जागेवर पडून न राहता पटापट हलणं. मागणी आणि उठाव हे जवळचे शब्द आहेत पण अगदी एक नाहीत, मागणी गिऱ्हाइकाच्या बाजूने बघते आणि उठाव मालाच्या बाजूने, ढीग खाली होतोय की नाही ते. म्हणूनच ‘आवक भरपूर पण उठाव नाही’ असं वाक्य बाजारभावाच्या बातम्यांमध्ये सारखं येतं, आवक म्हणजे माल येऊन टेकणं आणि उठाव म्हणजे तिथून निघणं, जोडी पक्की बसते. याच ‘मालाला उठाव’ वाल्या बाजारात संध्याकाळी ‘बाजार उठला’ म्हणतात आणि एकाच मूळ शब्दाचे दोन उलटे अर्थ एका जागी सुखाने नांदतात. एखाद्याचा बाजार उठवणे म्हणजे त्याचा कारभार आटोपून टाकणे, ते या दुसऱ्या अर्थावरून.

चित्रातला उठाव समजायला सोपा आहे, आकार किंवा रंग मागची पार्श्वभूमी सोडून पुढे येतो. उठून दिसणे, उठावदार हे त्याचेच. दगडात कोरलेल्या आणि मागच्या पृष्ठभागातून पुढे आलेल्या शिल्पाला मराठीत उत्थित शिल्प म्हणतात, तिथे तद्भव (झिजत आलेलं) आणि तत्सम (संस्कृतमधून जसंच्या तसं घेतलेलं) दोन्ही रूपं एकाच कल्पनेवर येऊन भेटतात. एक चौथा उठाव प्रश्नात नाहीये पण तो सांगितलाच पाहिजे, शाळांच्या कामकाजात ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात तो, म्हणजे लोकांकडून शाळेसाठी पैसे, वस्तू, श्रम जमवणं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो की शाळेत कसलं बंड, पण तिथे लोकांना जागेवरून उठवून कामाला लावणं हाच अर्थ आहे.

आणि १८५७ चा उठाव, तो अर्थ तर उघडच, दबून बसलेले लोक उठले. बंड आणि उठाव यात मला फरक जाणवतो. बंड म्हणताना सत्ता कुणाची होती आणि ती कुणी मोडली याकडे लक्ष जातं, उठाव म्हणताना उठणाऱ्या माणसांकडे.

उत्थानाचं मात्र थोडं वाईट वाटतं. संस्कृतमध्ये हा शब्द फार रुंद होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अर्थस्य मूलमुत्थानम्’ असं आहे, तिथे उत्थान म्हणजे उद्योग, सतत कामात असणं. गीतेतलं ‘अभ्युत्थानमधर्मस्य’ सगळ्यांना पाठ असतं पण तिथे वर येतोय तो अधर्म, म्हणजे उत्थान हे चांगल्याचंच असतं असं काही नव्हतं. योगसूत्रात व्युत्थान म्हणजे समाधीतून बाहेर येणं, इथे पुन्हा उद् चा तो ‘बाहेर’. आजच्या मराठीत हे सगळं गळून समाजाचं उत्थान, ग्रामोत्थान असा भाषणातला आणि योजनांच्या नावातला अर्थ तेवढा उरलाय. त्यात एक गोष्ट खटकते, उत्थान बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी करून देतं आणि उठाव माणसं स्वतः करतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालू नका, ‘शेतकऱ्यांचं उत्थान’ आणि ‘शेतकऱ्यांचा उठाव’ ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत, मूळ एक असलं तरी.

स्था चं घराणं मोठं आहे. ठाण हे स्थान वरून, ठेवणे हे स्थापय् वरून आणि पाठवणे हे प्रस्थापय् वरून आलंय. त्यामुळे ‘नसती उठाठेव’ मधला उठाठेव बघा, उठवणं आणि ठेवणं अशी उलट्या क्रियांची जोडी, उचल आणि परत ठेव, उगाचचा खटाटोप, आणि त्या जोडीतले दोन्ही तुकडे एकाच स्था मधून निघालेले. इतका घट्ट विणलेला शब्द मराठीत क्वचित सापडतो.

राहिलं ऊठ की उठ. एकट्याला आज्ञा करताना ‘ऊठ’ दीर्घ, कारण मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरा उकार दीर्घ लिहितात. पुढे काही जोडलं की तो ऱ्हस्व होतो, उठा, उठतो, उठून, उठाव. ऊस पण उसाचा, मूल पण मुलाला, तसंच हे. ‘लवकर उठ’ असं सगळीकडे टाइप केलेलं दिसतं, बोलून बघितलं तर कानाला तिथे दीर्घच ऐकू येतं, म्हणून ‘लवकर ऊठ’ लिहा.