वडिलांना पल्मनरी फायब्रोसिस आहे आणि त्यांच्या खिडकीशी कबुतरांचा राबता असतो. या आजारावर नवे उपचार कोणते आले आहेत? त्यांनी फुप्फुस पूर्ववत होते का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : नाही. या आजारात फुप्फुसात व्रण धरत जातात आणि एकदा धरलेला व्रण पुसून टाकणारे औषध आज उपलब्ध नाही. आहेत ती औषधे आजाराची घसरण मंदावतात. माझ्या आईला हा आजार आहे. दर तीन महिन्यांनी तिच्या स्पायरोमेट्रीच्या कागदावरचा एफव्हीसी, म्हणजे छाती भरून घेऊन जोराने सोडलेल्या श्वासाचे माप, पाहून पाहून नव्या औषधांच्या बातम्याही मी आता मिलिलिटरमध्येच वाचतो.

पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन औषधे अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मंजूर झाली. त्यानंतर कारण न सापडणाऱ्या, म्हणजे इडिओपॅथिक प्रकारासाठी ११ वर्षे नवे काही आले नाही. पॅमरेव्लुमॅब आणि झिरिटॅक्सेस्टॅट यांनी आशा लावली, पण शेवटच्या टप्प्यातील चाचणीत दोन्ही नापास झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत नेरॅन्डोमिलास्ट या गोळीला मंजुरी मिळाली. तिच्या ११७७ रुग्णांवरील चाचणीत ५२ आठवड्यांत औषधाविना गोळी घेणाऱ्यांचा एफव्हीसी सरासरी १८३.५ मिलिलिटरने घटला, तर १८ मिलिग्रॅमचा डोस घेणाऱ्यांचा ११४.७ ने. वाचले ते सुमारे ६९ मिलिलिटर, टपरीवरचा एक कटिंग चहा मावेल इतके. हे थोडे वाटते. परंतु जिना चढताना मध्येच थांबणाऱ्या माणसाला ते थोडे वाटत नाही. १८ मिलिग्रॅमच्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांना जुलाब झाले. शिवाय पिरफेनिडोन चालू असल्यास या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, हे डॉक्टरांशी अवश्य बोलावे. श्वासावाटे घ्यायच्या ट्रेप्रोस्टिनिल या औषधाचे २०२५ मधील निष्कर्षही आशादायक आहेत.

आपण लिहिले आहे की, वडिलांच्या खिडकीशी कबुतरांचा राबता आहे. मला हा मुद्दा सगळ्या नव्या गोळ्यांपेक्षा मोठा वाटतो. भारतातील फुप्फुसाच्या अशा निरनिराळ्या आजारांच्या १०८४ रुग्णांच्या नोंदीत निम्म्याच्या जवळपास रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या धुळीची, पिसांची वा बुरशीची प्रतिक्रिया, असल्याचे आढळले. तेथे मूळ कारण दूर करणे हाच पहिला उपचार असतो आणि सुरुवातीला स्टेरॉइडचाही उपयोग होऊ शकतो; उलट इडिओपॅथिक प्रकारात प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिल्याने मृत्यू वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन, पाहणाऱ्या छातीच्या डॉक्टरांना कबुतरांची गोष्ट आपण होऊन सांगावी. आम्हाला ती कोणी विचारलीच नव्हती.

आई पिरफेनिडोनवर आहे. भाकरीचे चार घास पोटात गेल्याशिवाय ती गोळी घेत नाही, नाहीतर मळमळते. आणि उन्हाने कातडी भाजते म्हणून गच्चीवर वाळवण घालायला आता मी जातो.