आधी एक मे महिना गाडीत काढा
दादा, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन, घर विकून गाडीलाच घर करून फिरायचं म्हणताय, तर अर्ज देण्याआधी एक मे महिना गाडीत राहून बघा. सोलापुरात पारा 40 च्या वर जातो, आणि पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो. म्हणून छताचं इन्सुलेशन आणि पंखा आधी, ओटा नंतर. मी उलटं केलं, अन् पहिल्याच उन्हाळ्यात बायकोला घेऊन लॉज शोधत फिरलो.

गाडीतल्या बदलांना आरटीओची मंजुरी घ्या, आरसीवर नोंद करा. नाहीतर विम्याचा दावा अडू शकतो.

ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन वयाच्या 50 नंतर घेता येते खरी, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितके 4-4 टक्के कायमचे कापले जातात. तिला हात लावू नका. घर विकू नका, भाड्यानं द्या. पहिली फेरी जवळच्या विजयपूरचीच (विजापूर) करा, बिघाड झाला तरी त्याच दिवशी परत येता येतं.